मुकादम कोणाकडे बघतो

पेंटरकाकांच्या घरात काकू अजून येतात, ही बातमी पहिल्यांदा दिली ती कुत्र्यानं.

खरं तर मुकादम हा बातम्या देणाऱ्यातला कुत्रा नव्हता. तपकिरी अंग, एक कान उभा, एक पडलेला, आणि आळस असा की माशी नाकावर बसली तर ती आपणहून उठायची वाट बघायचा. नाव काकूंनीच ठेवलेलं. "काम काडीचं करत नाही आणि सगळ्यांच्या कामावर लक्ष ठेवतो, याला दुसरं काय म्हणायचं?" काका शिडीवर चढले की हा खाली बसून वर बघायचा, काकू भांडी घासायला लागल्या की मोरीच्या दाराशी. सात वर्षं त्यानं ही नोकरी केली आणि एकदाही रजा घेतली नाही.

काकू जाऊन अकरा महिने झाले होते. शेवटची तीन वर्षं त्या आतल्या खोलीत खिडकीखाली सतरंजी टाकून भिंतीला डोकं टेकून बसायच्या. केसांचं तेल लागून लागून त्या भिंतीवर एक डाग पडला होता, साधारण ताटाएवढा, कडेला फिकट आणि मधे गडद. पेंटरच्या घरातला डाग. उभी हयात काकांनी लोकांच्या भिंतींवरचे डाग घालवले, आणि स्वतःच्या घरातला एक तेवढा ठेवला. त्याला हात लावायची त्यांची छाती नव्हती.

लेकीला तो डाग बघवत नसे. ती दोन स्टॉप पलीकडे राहायची, रविवारी यायची, बाहेरच्या खोलीतच बसायची. "बाबा, रंगवून टाका ना ती खोली," तिनं तीन-चार वेळा म्हणून पाहिलं. काका कानाडोळा करायचे. पण शेवटी पेंटर तो पेंटर. भिंत खरंच खराब झाली होती, खिडकीच्या बाजूनं ओल येऊन रंगाचे पापुद्रे सुटायला लागले होते, आणि स्वतःच्या घरात पापुद्रे लोंबताना बघणं म्हणजे न्हाव्यानं दाढी वाढवून दुकानात बसण्यासारखं. एका सकाळी त्यांनी लोखंडी पत्री काढली, पॉलिश पेपर काढला, आणि सगळी भिंत खरवडली. फक्त डाग सोडून.

आता दुसरा कोणी असता तर डागाभोवती ओबडधोबड कड राहिली असती आणि त्याला काही वाटलंही नसतं. काकांना ते चालणार होतं थोडंच. जुन्या रंगाची कड उचललेली दिसली की त्यांना चैन पडायचं नाही. जुना रंग नव्याला असा मिळाला पाहिजे की बोट फिरवलं तर कळू नये, हा त्यांचा चाळीस वर्षांचा हट्ट. म्हणून ते दोन दिवस मांडी घालून बसले आणि त्या डागाची कड कोरड्या पॉलिश पेपरनं घासत राहिले, आधी जाड कागदानं, मग बारीक, मग त्याहून बारीक. पांढरी भुकटी खालच्या सतरंजीवर पडत होती. फरशी त्यांनी झाडून घेतली, सतरंजी मात्र झटकली नाही. काकू गेल्यापासून ती कोणी झटकलीच नव्हती. तिच्यात काकूंचे दोन-तीन केस अडकलेले होते आणि नाक जवळ नेलं तर वासही यायचा. मुकादम त्याच सतरंजीवर झोपायचा. रंग झाल्यावर डाग भिंतीवर एखाद्या तसबिरीसारखा दिसायला लागला, आणि काका स्वतःवर खूश झाले.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मुकादम पहिल्यांदा भिंतीशी उभा राहिला.

दुपारचे चार वाजले होते. काकूंच्या चहाची वेळ. काका कप घेऊन आत आले तर कुत्रा सतरंजीवर उभा, तोंड भिंतीकडे, कपाळ बरोबर त्या डागाखाली टेकवलेलं. हलत नव्हता. शेपूट खाली, डोळे अर्धे मिटलेले, काकू जिवंतपणी त्याच्या कपाळावर हात ठेवायच्या तेव्हा राहायचा अगदी तसाच. काका दारातच थांबले. त्यांनी हाक मारली. मुकादमचा उभा कानही हलला नाही. कपातला चहा निवला तरी दोघं तसेच उभे होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोज. मग दिवसातून दोन-तीनदा. मधेच मान वर करून रिकाम्या कोपऱ्यावर भुंकायचा, मधेच जिथे कोणी नाही तिथे चालत जाऊन थांबायचा, बसल्या बसल्या तोंडात काहीतरी असल्यासारखा जबडा हलवायचा. भाताला तोंड लावेना. एकदा काकांनी पोटाखाली हात घालून उचलायला पाहिलं तर चक्क गुरगुरला. सात वर्षांत पहिल्यांदा.

खालच्या मजल्यावर इस्त्रीवाला होता, त्याला काकांनी सांगितलं. इस्त्रीवाला वर आला, दारातूनच बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, जनावराला दिसतं. आपल्याला नाही दिसत." मग दोन जिने एका दमात उतरून गेला. त्या दिवसापासून काकांचे कपडे तो खालूनच हाक मारून द्यायला लागला.

काकांना मात्र भीती वाटली नाही. खोटं कशाला बोलायचं, त्यांना आनंद झाला. असा आनंद की तो कोणाला सांगायची चोरी. अकरा महिने हा माणूस एका कपाचा चहा दोन कपांत ओतत होता. आता ते चार वाजता सतरंजीपाशी पाट टाकून बसायला लागले, आणि कुत्र्याच्या पाठीकडे बघत काकूंशी बोलायला लागले. आज अमक्याकडे छताला काम केलं, मालक चिकट आहे, गुडघा ठणकतोय. मुकादम कपाळ टेकून उभा असला की ती आहे, आणि तो निघून गेला की ती गेली. इतका सरळ हिशेब. घरात शिरताना काका आता दारातच थांबून कानोसा घ्यायचे, आणि आतून पंजांची खरखर ऐकू आली नाही तर त्यांचा जीव खालीवर व्हायचा.

लेकीला हे कळलं तेव्हा ती पांढरीफटक पडली.

त्याला कारण होतं. काकूंची शेवटची तीन वर्षं घरात कोणालाच सोपी गेली नव्हती. ज्या बाईनं आयुष्यात आवाज चढवला नाही ती एकाएकी खेकसायला लागली. पोटात कळा यायच्या, झोप उडाली, विसरायला लागल्या. डॉक्टर म्हणाले वय झालं, मग म्हणाले रक्त कमी आहे, शेवटी मूत्रपिंडावर येऊन थांबले. आणि एका रविवारी काकूंनी पोटच्या मुलीला दारात उभं करून सांगितलं, "तू चोर आहेस. माझ्या कपाटातलं तू नेतेस. माझ्या घरात पाय ठेवू नकोस, माझी मुलगी मेली." लेकीनं ते मनाला लावून घेतलं. चार महिने आली नाही. आली ती काकू गेल्यावरच.

"बाबा, ती येत असेल तर मला का नाही दिसत?" लेकीनं विचारलं. ती आतल्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर उभी होती. आत मुकादम भिंतीशी.

"तिचा राग गेलाय आता. बघ कशी शांत असते."

"बाबा, कुत्रा शांत नाही, आजारी आहे. त्याच्या बरगड्या दिसतायत. डॉक्टरकडे न्या."

"काही नको."

"बाबा—"

"नको म्हटलं ना. औषधं देऊन त्याला गुंगवतील. मग तो बघेल कसा?"

लेक त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. काकांनाही आपण काय बोललो ते ऐकू गेलं, पण शब्द परत घ्यायची त्यांच्या खानदानात पद्धत नव्हती. ती निघून गेली. काकांनी दार लावलं, पाटावर बसले, आणि म्हणाले, "पोर तुझ्यासारखीच हट्टी आहे."

भिंत काही बोलली नाही. मुकादमचे मागचे पाय थरथरत होते. काकांनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं.

बुधवारी दुपारी साडेतीनलाच तो प्रकार झाला. मुकादम भिंतीपासून दोन पावलं मागे आला, गोल फिरला, आणि बाजूला कोसळला. चारही पाय हवेत पळायला लागले, जबडा कटकट वाजायला लागला, तोंडाला फेस आला. आणि त्या क्षणी काकांनी काय करावं? कुत्र्याकडे न जाता ते भिंतीकडे वळले. डागाकडे बघून हात जोडून म्हणाले, "अगं, सोड त्याला. नेऊ नकोस. मी अगदीच एकटा पडेन गं."

मुकादमचं डोकं फरशीवर आपटत होतं. काका भानावर आले ते त्या आवाजानं. रंगकामाची चादर त्यांनी त्याच्याभोवती गुंडाळली आणि दोन जिने उतरले. गुडघा त्या दिवशी ठणकायचा विसरला. भित्रा म्हणून ज्याला मनात शिव्या घातल्या होत्या त्या इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली आणि धावत जाऊन टॅक्सी थांबवली.

जनावरांच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाची होती. तिनं इंजेक्शन दिलं, झटका थांबला, मुकादम टेबलावर धापा टाकत पडून राहिला. मग तिनं कागद पुढे ओढला आणि एकेक विचारायला लागली. काकांचे डोळे कुत्र्याच्या पोटावर होते, वर-खाली, वर-खाली.

"भूक?"

"मेलीच आहे. दोन घास, मग ताट सरकवणं."

"पोट दुखल्यासारखं वाटतं?"

"हो. गुडघे पोटाशी घेऊन बसणं."

"स्वभाव बदललाय? चिडचिड?"

"फार. आधी कधी आवाज नाही. आणि मग एकदम घरच्याच माणसावर. काही कारण नसताना."

"ओळखीच्या माणसांना ओळखत नाही, असं होतं?"

"शेवटी शेवटी व्हायचं."

"अंगाला कंप?"

"हाताला. कप धरला की निम्मा चहा बशीत. मग मीच धरायचो, तर त्याचाही राग."

पेन थांबलं. "काका," डॉक्टरीणबाई हळू म्हणाली, "मी कुत्र्याचं विचारतेय."

काकांनी टेबलावरचे हात मागे घेतले. तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडांना वर्षानुवर्षांचा रंग बसलेला होता.

"तुम्ही काम काय करता?"

पुढचा अर्धा तास काकांना नंतर तुकड्यातुकड्यांतच आठवायचा. एक्स-रे झाला. काळ्या काचेवर मुकादमच्या पोटात पांढरे ठिपके दिसत होते, मीठ सांडल्यासारखे. डॉक्टरीणबाईनं बोट ठेवून सांगितलं की हे रंगाचे कण असावेत, आणि एक्स-रेमध्ये इतके पांढरे दिसतात म्हणजे त्यात शिसं असणार. रक्ताचा रिपोर्ट परवा येईल, पण उपचार आजपासूनच सुरू करायचे. जुना रंग घासला होता का घरात? कोरडा? भुकटी कुठे पडली? कुत्रा कुठे झोपतो? तो अंग चाटतो, पंजे चाटतो, सगळं पोटात जातं.

भिंतीवरचा तो जुना, मोतिया रंग काकांनी स्वतः बनवला होता. जुना सफेदा, शिशाचा, जवसाच्या तेलात घोटून. दुकानात तो मिळेनासा झाला तेव्हा उरलेले डबे त्यांनी उचलून आणले होते आणि गिऱ्हाइकाच्या भिंतीला न लावता स्वतःच्या घराला लावले होते. चांगली वस्तू घरच्यांसाठी राखून ठेवतात तशी.

"पण तो भिंतीशी जातो ते वेगळं," काका म्हणाले. एवढं एक त्यांना वाचवायचं होतं. "ते रंगामुळे नाही. तिथे माझी बायको बसायची. तो तिच्याजवळ जातो."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. भली बाई होती. "काका, विष मेंदूत चढलं की जनावर असं डोकं टेकवून उभं राहतं. त्याला कळत नाही आपण कुठे आहोत ते. कुठलीही भिंत चालते."

मुकादमला जरा शुद्ध आली होती. मदतनीस बाईनं त्याला उचलून खाली ठेवलं. तो पाय फाकवून उभा राहिला, झोकांड्या खात चालायला लागला, काकांच्या पायांवरून गेला, थांबला नाही. समोर दवाखान्याची भिंत होती. हिरवट, पुसून घेता येणारी, काकूंनी जन्मात न पाहिलेली. मुकादमनं तिला कपाळ लावलं, डोळे अर्धे मिटले, आणि उभा राहिला.

काका ते बघत बाकावर बसले. अकरा महिन्यांत रडले नव्हते इतके त्या बाकावर रडले. मदतनीस बाईला वाटलं कुत्र्यासाठी. तिनं पाणी आणून दिलं, म्हणाली, "वाचेल हो."

पाच दिवस मुकादमला तिथेच ठेवायचं ठरलं. आणि डॉक्टरीणबाईनं बजावून सांगितलं, तो घरी यायच्या आत ती भिंत मोकळी झाली पाहिजे, सतरंजी फेकली पाहिजे, नाहीतर इंजेक्शनं देऊन काही उपयोग नाही. घासायची तर ओली करून, तोंडाला मास्क लावून. आणि तुमचंही रक्त तपासा, काका. घरातल्या सगळ्यांचं.

दोन दिवस काका त्या खोलीत शिरलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. रक्तात शिसंच होतं. मग त्यांनी खिडकीला प्लॅस्टिक लावलं, मास्क बांधला, बादली भरून घेतली. सतरंजी गुंडाळताना नाक जवळ नेलं नाही. पिशवीत घातली आणि तोंड बांधलं. केस आतच राहिले.

भिंत भिजवून त्यांनी पत्री लावली. आधी कडा काढल्या, मग मधला भाग. ओला रंग पत्रीवर मऊ मेणासारखा जमा होत होता. पोलिसानं विचारावं तसं त्यांचं डोकं त्यांना एकेक विचारत होतं आणि ते उत्तर देत होते. संध्याकाळी कामाचे कपडे कोण झटकायचं? ती. कुठे? इथेच, या खिडकीत. धुवायचं कोण? ती, हातानं. सफेदा कुठे घोटायचास? या खोलीत. जेवणाआधी हात कशानं पुसायचास? रॉकेलच्या फडक्यानं, आणि तसाच भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात घालायचो, थट्टेनं. डाग निघाला तेव्हा खाली नुसतं करडं सिमेंट होतं. काका त्या सिमेंटकडे बराच वेळ बघत बसले. आता तिथे कोणी नव्हतं. गेल्या काही आठवड्यांत कोणी नव्हतंच, आणि त्याआधीच्या तीन वर्षांत सतरंजीवर बसून त्यांच्यावर खेकसणारी, पोरीला चोर म्हणणारी ती बाईसुद्धा काकू नव्हती. खऱ्या काकू कधी गेल्या ते काकांना कळलंच नव्हतं. ते शेजारीच बसून रंग घोटत होते.

मुकादम घरी आला. पहिला आठवडा नुसता झोपला. मग एक दिवस भाताचं ताट चाटूनपुसून लख्ख केलं. मग काका शिडीवर चढले तर हा खाली येऊन बसला आणि वर बघायला लागला. भिंतीकडे त्यानं एकदाही ढुंकून पाहिलं नाही. चार वाजता काका पाटावर बसायचे आणि तो बाहेरच्या खोलीत पाय पसरून घोरायचा. तो बरा झाला याचा काकांना आनंद होता, आणि त्या घोरण्यानं काळीजही तुटत होतं, दोन्ही एकदम.

रविवारी लेक आली. आतल्या खोलीची उघडी सिमेंटची भिंत बघून पहिल्यांदा उंबरा ओलांडून आत आली. मुकादमला कुरवाळलं, गोळ्या किती वाजता द्यायच्या ते विचारून घेतलं. "बाबा, किती बरं दिसतंय इथे," म्हणाली.

काका गप्प बसू शकले असते. कोणाला काही कळणार नव्हतं. काकूंचं रक्त तपासायला काकू नव्हत्या, आणि डॉक्टरीणबाईनंही स्पष्ट सांगितलं होतं की आता नक्की असं कोणीच काही सांगू शकणार नाही. पण लेक गेलं वर्षभर मनात कसला दगड घेऊन फिरतेय ते त्यांना दिसत होतं.

त्यांनी सगळं सांगितलं. कपडे, सफेदा, पोटातल्या कळा, बशीतला चहा. दवाखान्यात कुत्र्याबद्दल विचारलं आणि आपण कोणाबद्दल उत्तरं दिली, तेही.

"म्हणजे बाबा, ती मला जे म्हणाली..."

"ती नव्हती म्हणाली. ते शिसं होतं. तुझी आई तुला असं कधी म्हणाली असती का?"

लेक भिंतीला टेकून खाली बसली आणि दोन्ही हातांत तोंड घेऊन रडली. मोकळी रडली, लहानपणी हरवून सापडल्यावर रडायची तशी. मुकादम उठून तिच्याजवळ गेला, बसला. काकांना वाटलं, निदान एवढं तरी माझ्या हातून झालं.

मग तिनं डोळे पुसले. मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, आधी तोंडाकडे, मग हातांकडे.

"बाबा, तो सफेदा दुकानात मिळेनासा का झाला होता?"

या प्रश्नाची काकांना भिंत खरवडल्यापासून भीती वाटत होती. "माणसाला बाधतो म्हणून. दुकानदारानं सांगितलं होतं. घरात लावू नका म्हणाला."

"मग?"

"मी हसलो," काका म्हणाले. "म्हटलं, पस्तीस वर्षं याच्यात हात आहेत माझे, मला काय झालंय. आणि डबे घेऊन आलो."

लेक उठली. ओरडली नाही, काही आपटलं नाही. गोळीची वेळ झाली होती, ती तिनं भातात चुरून मुकादमला भरवली आणि त्यानं गिळली की नाही ते जबडा उघडून बघितलं. हात साबणानं दोनदा धुतले. पिशवी खांद्याला लावून दारात आली.

"उद्या सकाळी आठला येते," ती मुकादमकडे बघत म्हणाली. "तुमचं रक्त द्यायला जायचंय. माझंही. उपाशीपोटी राहा."

एरवी तिचं एक वाक्य 'बाबा' म्हटल्याशिवाय सुरू होत नसे. काका दारात उभे राहून ती जिना उतरेपर्यंत वाट बघत राहिले, पण तो शब्द काही तिच्या तोंडून आला नाही.